मधला श्वास

पडद्यावर एक बाई ओल्या गॅलरीत उभी राहून कपड्यांचे चिमटे एकेक करून डब्यात टाकत होती आणि मागे कुठेतरी, फार लांब, माणसांचा एक समूह गात होता. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी हे गाणं दोन शब्दांत लिहायचं, पडद्यासमोर बसलेल्या तिचं एवढंच काम होतं. दिवसभर ती हेच करायची. दार आपटलं की ‘दार आपटतं’, कुत्रं भुंकलं की ‘लांबवर कुत्रं’, आणि संगीत सुरू झालं की ते कसलं आहे ते. उदास, गूढ, आनंदी. या ऑफिसात संगीताला याहून जास्त स्वभाव परवडत नसत, कारण पडद्याखाली जागा कमी असते. अडलंच तर एक यंत्रणा होती. आवाजाचा तुकडा तिच्यापुढे टाकला की ती रेकॉर्डिंग ओळखायची आणि गती, स्वर, भाव अशा ओळी काढून द्यायची. तिने तुकडा टाकला, चहाचा कप उचलला, आणि कप ओठांपाशी तसाच राहिला. पडद्यावर तिचे वडील छडी घेऊन ज्याच्यापुढे उभे राहायचे त्या गायकवृंदाचं नाव आलं होतं. रेक्विएम, मृतांसाठीची प्रार्थना, भाग चौथा. एकल स्त्रीस्वर, आणि पुढे आईचं लग्नानंतरचं नाव. गती, मिनिटाला अठ्ठेचाळीस ठोके. स्वर, बी फ्लॅट मेजर. भाव, मुख्यतः शत्रुत्वाचा.

आई जाऊन महिनाही झाला नव्हता. या महिन्यात लोकांनी तिला बरेच शब्द दिले होते, मऊ, हातात घेतले की बोटांना चिकटणारे, आणि तिने ते सगळे ‘हो’ म्हणून घेऊन कुठेतरी ठेवून दिले होते. हा शब्द मात्र चिकटला नाही. तो लागला. शेजारच्या खुर्चीतल्या कानसेनाने मान वळवली. त्याला सगळे कानसेनच म्हणत, कारण दोन खोल्यांपलीकडे कुणी पिशवी चुरगाळली तरी तो दचकायचा.

“काय गं, भूत बघितलंस का?”

“ऐकलं.”

त्याने न विचारता तिच्या हेडफोनची एक बाजू कानाला लावली, पडदा वाचला. “मेजर आणि शत्रुत्व? यंत्राला आज कुणी जेवायला घातलेलं दिसत नाही.”

“ते ठरवतं कसं?”

“आपल्याला काय माहीत! हजारो गाणी भरवलीत त्याला. आवाज किती ताणलाय, कोण कुणाला ओढतंय, असलं काहीतरी मोजत असेल. तू ‘उदास’ लिही आणि सुट. ज्याला ऐकू येत नाही तो थोडाच तक्रार करणार आहे?” मग तो थांबला. “बाई कोण आहे गं? कसली गाते!”

“माझी आई.”

त्याने हेडफोन हळूच टेबलावर ठेवला, जणू तो गरम होता. “सॉरी. म्हणजे, छान गातात.”

“गायची,” ती म्हणाली. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक सुधारावी तशी ती म्हणाली, आणि तसं म्हणताना तिला बरं वाटलं.

मेजर म्हणजे उन्हातलं आणि मायनर म्हणजे सावलीतलं, असं बाबा शिकवायचे. चौथा भाग उन्हातला होता. मेलेल्यांना आता प्रकाश दिसो, अशी मागणी त्यात होती, आणि ती मागायला पन्नास माणसांना गप्प बसवून एक बाई उभी राहायची. ती रेकॉर्ड घरात खुर्ची किंवा खिडकी असावी तशी असायची. पाहुणे आले की कुणीतरी म्हणायचं, मास्तर, चौथा भाग लावा की. बाबा नको नको म्हणत उठायचे, बाही मागे सारून रेकॉर्ड ठेवायचे, आणि मग ती संथ, अतिसंथ गती खोलीत पसरायची. पाहुण्यांच्या हातातले चमचे थांबायचे. आईचा आवाज येऊन त्या एका लांबच लांब ओळीवर चढू लागायचा. ती ओळ एका श्वासात म्हणायची असते, कागदावर तिथे श्वासाची जागाच नाही, आणि ओळीच्या टोकाला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘अखंड’. आई त्या शब्दाच्या अर्ध्यापर्यंत पोचायची आणि श्वास घ्यायची. ओला, स्पष्ट, कोंदलेला ड्रॉवर एकदम उघडावा तसा आवाज. मग उरलेला अर्धा शब्द. दर वेळी, त्याच जागी. लहान असताना तिला वाटायचं, कधीतरी एकदा आई घेणार नाही. पाहुणे सुस्कारा सोडायचे. “काय ती गती, मास्तर! काळ उभा राहतो हो,” असं बाबांना, आणि आईला जरा मऊ आवाजात, “वहिनी, एवढ्या संथ गतीत कुणाचाही दम संपेल.” आई म्हणायची, “हो ना, संपला दम.” बाबांकडे बघत म्हणायची, आणि उठून स्वयंपाकघरात जायची. तिथला नळ सुरू व्हायचा आणि बराच वेळ चालू राहायचा.

त्या श्वासाची गोष्ट घरात कुणी कुणाला समजावून सांगितली नव्हती, तरी ती सगळ्यांना माहीत होती. फक्त मावशी उघड बोलायची. “त्याने तिचा गळा दाबला, चारचौघांत, आणि चारचौघांनी टाळ्या वाजवल्या,” असं तिने एकदा भांडी पुसता पुसता सांगितलं होतं. “तिच्या छातीत केवढी हवा होती तुला माहीत नाही. त्याला माहीत होतं. तेवढी पुरणार नाही इतकी संथ गती त्याने बरोबर मोजून काढली.” त्या वाक्यावर ती मोठी झाली. तिने वाचलेल्या पुस्तकांत नवरे बायकांना मारत, विष घालत, सोडून जात. हळू चालून मारणारा नवरा तिला फक्त घरात भेटला. बाबांशी ती नीट वागायची. औषधं आणून द्यायची, चष्म्याची काडी बदलून द्यायची, आणि हे सगळं करताना आपल्या आवाजात एक बारीक थंडावा असावा याची काळजी घ्यायची, जशी कुणी दुधावर झाकण ठेवायची घेतं. आणि आता गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. वृंदाने आईसाठी सभा ठेवली आहे, रविवारी दुपारी, तालमीच्या हॉलमध्ये. भाषणं थोडकी. शेवटी चौथा भाग लावू. दुसरं काही शोभणार नाही. ती “बघू” म्हणाली होती. म्हणजे सगळ्या ओळखीच्यांना एकत्र बसवून आईचा दम पुन्हा एकदा संपवायचा, आणि या वेळी तिला उठून आत जायलाही जागा नाही.

तिने गॅलरीतल्या बाईखाली काहीच लिहिलं नाही. तुकडा पुन्हा लावला, आणि पुन्हा. डाव्या कानाची पाळी तापून दुखायला लागली. यंत्राने सगळ्या भागाला मिळून एकच आकडा दिला होता. तिने मोबाइलवर स्टॉपवॉच लावून टेबलावर बोट आपटत स्वतः मोजलं. सुरुवातीला नुसती वाद्यं वाजत होती तेव्हा गती चांगली चालती होती, माणसाने सहज चालावं तशी. आईचा आवाज आला आणि ती पडली. दोन ओळींत पार पडली. वाद्यांसाठी एक गती आणि बायकोसाठी वेगळी! इतकी वर्षं हा पुरावा खोलीतल्या हवेत होता आणि कुणी तो मोजला नव्हता. तिला जवळजवळ सुख वाटलं. तिने कानसेनाला सांगितलं, मला बरं वाटत नाहीये. त्याने “जा, जा, मी लिहितो, उदासच ना?” असं विचारलं तेव्हा ती जिन्यात पोचली होती.

बाबा जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून काळी पँट इस्त्री करत होते. कार्यक्रमाचे कपडे ते नेहमी स्वतःच इस्त्री करायचे. आईला त्या कपड्यांना हात लावू द्यायचे नाहीत, की आईच लावायची नाही, हे तिला कधी कळलं नव्हतं.

“ती रेकॉर्ड लावायची नाही,” ती दारातूनच म्हणाली.

“आधी चपला काढ.”

“आईला ती सहन होत नव्हती. ती उठून जायची.”

“उठून जायची, हे खरं आहे.”

“तुम्ही तिला जन्मभरासाठी दम लागलेली बाई करून ठेवलंत. गेली तरी तेच ऐकवायचं लोकांना? मोजलंय मी आज. वाद्यं चांगली पुढे चाललेली असतात. ती आली की तुम्ही ब्रेक लावता.”

बाबांनी कापडावर पाणी शिंपडलं. इस्त्री फुसफुसली. “मोजलंस ते चांगलं केलंस. इतक्या वर्षांत कुणी मोजलं नाही. फक्त कोण हळू झालं ते मोजायचं राहिलं.”

“छडी तुमच्या हातात होती.”

“छडी! बाहेरच्यांना वाटतं छडी म्हणजे लगाम. गाणारा मागे राहिला तर छडी काय करणार? हवा झोडपणार. मागची चेलोवाली माणसं ऐक नीट. प्रत्येक ठोक्याला पुढे जायला बघतात आणि परत येतात. बिचारे बघत होते माझ्याकडे आणि ऐकत होते तिला. मी ओढतोय, ती येत नाही. पन्नास माणसं मागे घाम पुसतायत.”

“म्हणजे आईने केलं.”

“तिने केलं.”

“आणि दम? तोही तिने मुद्दाम संपवला?”

“दम संपलेला माणूस आधी स्वरावरून खाली उतरतो. केसभर का होईना, उतरतोच. तू कान घेऊन जन्मली आहेस, एवढ्या वेळा ऐकलंयस. सांग, कुठे उतरली?”

आई उतरली नव्हती. त्या श्वासाच्या आधीचा स्वर ताणलेल्या तारेसारखा जिथे होता तिथेच होता, आणि नंतरचा बरोबर त्याच्यावर येऊन उभा राहिला होता. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. त्याला कधी काही म्हणायची वेळ आली नव्हती इतकंच.

“तिला पाहिजे होता तिथे घेतला तिने श्वास,” बाबा म्हणाले. “माझी ओळ तोडायची होती. सगळ्यांत महागड्या जागी तोडली.”

“का?”

त्यांनी इस्त्री उभी केली आणि तिची वायर गुंडाळायला घेतली, इस्त्री अजून गरम आहे हे विसरून. चटका बसला तशी सोडली. “रेकॉर्डिंगच्या मधल्या सुट्टीत तिला जिन्यात एक जण भेटला. ऑपेरा कंपनीचा माणूस. त्यांना ती हवी होती. दौरे, मोठी थिएटरं, सगळं. त्याने आधी मला विचारलं होतं. तेच त्याने तिला सांगितलं, सहज, हसत हसत. वाईट वाटलं म्हणाला, तुम्हाला जमणार नाही म्हणून.”

“तुम्ही काय सांगितलं होतं त्याला?”

“म्हटलं, ती यायची नाही. घरात लहान मूल आहे.”

लहान मूल टेबलाच्या या बाजूला उभं होतं, पन्नाशीकडे झुकलेलं, पर्सचा पट्टा मुठीत घट्ट धरून.

“तिला विचारलं होतंत?”

“नाही.” पुढच्या माणसाला त्याचा चुकलेला स्वर दाखवावा तसं त्यांनी ते सांगितलं, कमीजास्त न करता. “पुन्हा एकदा घेऊ, असं मी म्हटलं तर म्हणाली, आवाज बसला. बसला कसला! जिना उतरताना खदाखदा हसत होती. आणि रेकॉर्डिंगवाला खूश. म्हणे, इतकं संथ करायची छाती कुणाची झाली नव्हती. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. मी काय सांगायचं होतं? की बायकोने मला फरफटत नेलं?”

“आणि ती गप्प बसली.”

“तिला गंमत वाटत होती. लोक मला शाबासकी देणार आणि मला ती गिळावी लागणार. माझ्याकडे बघून ‘संपला दम’ म्हणायची आणि आत जाऊन हसायची.”

“रडायची ती आत जाऊन.”

“तू आत जाऊन बघितलंस कधी?”

ती कधी आत गेली नव्हती. ती दर वेळी बाहेरच, पाहुण्यांत, बाबांच्या खुर्चीच्या हातावर बसून नळाचा आवाज ऐकत राहिली होती.

“मेलेल्या माणसावर काहीही घालता येतं,” ती म्हणाली.

“येतं की. म्हणून तर मी ती असेपर्यंत बोललो नाही असं नको समजूस. ती असेपर्यंत तिने बोलू दिलं नाही.” ते खुर्चीत बसले, पँटची घडी मांडीवर घेतली. “ते लावायचं म्हणतो कारण तिचं तेवढंच आहे. दुसरं काही कुणी रेकॉर्ड करून ठेवलं नाही. तिने आयुष्यात एक गोष्ट मनासारखी केली, ती माझ्या छातीवर बसून. तरी तेवढंच आहे.”

“लावा मग,” ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. “पण ते लागलं की तुमचा हात हलतो. सगळे तुमच्या हाताकडे बघत बसतात. त्या दिवशी हलवायचा नाही. तिचा दिवस आहे.”

“हात माझ्या हातात नाही गं.”

“मग मी धरीन.”

रविवारपर्यंत ती ऑफिसात जात राहिली, दारं आणि कुत्री लिहीत राहिली, आणि मनाशी दोन्ही आया समोरासमोर बसवत राहिली. एकीचा गळा दाबला होता. तिच्यावर प्रेम करणं सोपं होतं, तिने ते आयुष्यभर मेहनतीने केलं होतं. दुसरी नळाच्या आवाजात तोंडावर पदर धरून हसत होती, आणि त्या दुसरीने आपल्या मुलीला बापाचा खोट्या आरोपावर द्वेष करू दिला होता, वर्षानुवर्षं, जेवायला वाढता वाढता, एका शब्दाने न अडवता. बाबा खोटं बोलत असतील तर ते नीच होते. खरं बोलत असतील तर आई काय होती? आणि मूल? त्या जिन्यात, त्या माणसासमोर, आईला एक शब्द ऐकू आला होता, ‘मूल’, आणि मग ती आत जाऊन गायली होती. त्या गाण्यात जे काही यंत्राला सापडलं त्यात थोडा वाटा आपलाही असेल, हा विचार तिला बसमध्ये आला आणि ती एक स्टॉप आधीच उतरली. चालताना तिला एक सकाळ आठवली, ती इतकी वर्षं कुठे पडली होती कुणास ठाऊक. शाळेची गाडी यायची वेळ. बाबा दारात किल्ल्या खुळखुळवत उभे. आई तिची वेणी घालत होती, हळू, पेडावर पेड, मधेच सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून, कंगवा केसांतून मधासारखा खाली येत होता. “आई, उशीर होतोय.” “होऊ दे.” किल्ल्यांचा आवाज वाढला तसा कंगवा आणखी हळू झाला. तिच्या डोक्याची कातडी दुखत होती, आणि आई गुणगुणत होती. तेव्हा तिला वाटलं होतं, आईला आपले केस किती आवडतात.

हॉल दुपारच्या वेळी उघडा पडल्यासारखा दिसत होता. घडीच्या खुर्च्या, भिंतीला टेकवून ठेवलेली नोटेशनची स्टँड, कोपऱ्यात बंद केलेला पियानो. वृंदातली जुनी माणसं आली होती. त्यांच्या चेहऱ्यांवर आधीच तो सुस्कारा तयार होता. एकाने सांगितलं की वहिनी फार सोशिक होत्या. दुसरीने सांगितलं की मास्तरांच्या त्या गतीला न्याय देणं सोपं नव्हतं, तरी त्यांनी जिवाचं रान केलं. मावशी दुसऱ्या रांगेतून बाबांच्या मानेकडे एकटक बघत होती. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पँटमध्ये, ताठ. ती त्यांच्या उजवीकडे बसली आणि कुणीतरी बटण दाबायला वाकलं तेव्हा तिने त्यांच्या कोटाच्या बाहीत बोटं घालून मनगट धरलं. वरून तिची शाल टाकली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, लेक बापाला धीर देतेय. मनगट बारीक झालं होतं, कातडीखाली दोन हाडं एकमेकांवर सरकत होती. किती वर्षांत तिने या माणसाला हात लावला नव्हता!

वाद्यं सुरू झाली. हात हलला, म्हणाले होते तसा, पण जोर नव्हता. तिच्या मुठीत तो संगीताबरोबर शांतपणे वर येत होता, खाली जात होता, आणि दोन्हींत तसूभर अंतर नव्हतं. बाबांनी डोळे मिटले होते. मग आई आली. पहिल्याच स्वरावर मनगट पुढे गेलं आणि आवाज मागून आला. पुन्हा मनगट आधी, आवाज नंतर. तिला वाटलं आपलं मोजायचं चुकलं, म्हणून तिने श्वास रोखून पुढच्या ठोक्याची वाट पाहिली. मनगट गेलं, आई आली नाही, मग आली, सावकाश, स्वतःच्या वेळेला. ओळ चढत गेली तशी हाडं तिच्या तळव्यावर धडकायला लागली. हे नाटक असतं तर कुणाला तरी दाखवायला असतं. शालीखाली, मिटल्या डोळ्यांनी, ऐंशी वर्षांचा एक हात चाळीस वर्षांपूर्वीच्या बाईला पुढे ओढत होता आणि ती येत नव्हती. त्या गतीला या हाताने कधीच होकार दिला नव्हता. तिच्या कानामागून घाम उतरला. बाबा खरं बोलले होते.

ती हात सोडू शकली असती. खरं बोलणाऱ्या माणसाचा हात धरून ठेवायचं आता कारण नव्हतं. सोडला असता तर तो सगळ्यांसमोर वर आला असता, आईच्या पुढे पुढे धावला असता, आणि कान असलेल्या एखाद्याला कळलंही असतं. बाबांनाही ते कळलं असावं. मनगट जरासं फिरलं. समोर आईचा आवाज त्या शब्दाकडे निघाला होता, भरलेल्या छातीने, कसलीही घाई नसलेला, प्रत्येक पावलावर टाच दाबून उभा राहणारा. शब्दाचा पहिला अर्धा भाग आला. मग आईने श्वास घेतला.

मागच्या रांगांतून हळहळ उठली. कुणीतरी “अरेरे” म्हणालं. मावशीने रुमाल तोंडाला लावला.

तिने दुसरा हातही शालीखाली नेला आणि मनगट दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरलं, हाड दुखेल इतकं, आणि पुढचा ठोका आईने दिल्यावरच त्याला वर येऊ दिलं. पुन्हा दाबलं. आई आली तेव्हा सोडलं.

“दुखतंय गं,” बाबा डोळे न उघडता कुजबुजले. “सोड आता.”

“थांबा,” ती म्हणाली. “तिचं अजून चाललंय.”